काट्याला न सापडणारी चरबी

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1990 च्या दशकात जन्मलेल्या सहाशेहून अधिक मुलामुलींची साखर ती अठरा वर्षांची झाल्यावर तपासण्यात आली. उपाशीपोटी रक्त घ्यायचे, ग्लुकोजचे पाणी प्यायला द्यायचे, दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचे, अशी ती नेहमीची चाचणी. मुलग्यांपैकी 37 टक्क्यांची आणि मुलींपैकी 18 टक्क्यांची साखर जास्त निघाली. एखादा अपवाद सोडला तर मधुमेह म्हणण्याइतकी ती नव्हती, सगळी मधुमेहपूर्व अवस्थेत होती. पण वय होते अठरा. शहरातल्या गुटगुटीत, दिवसभर मोबाइलला चिकटलेल्या मुलांचा हा आकडा असता तर 'व्हायचेच हे' म्हणून आपण पान उलटले असते. इथे मात्र तपासलेल्यांतली जवळपास निम्मी मुले वजनाने कमी भरली होती. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, त्यांच्या बाबतीत 18.5 च्याही खाली होता. ज्यांना घरचे लोक 'याच्या अंगाला काही लागतच नाही' म्हणत आग्रहाने वाढतात, अशी ही मुले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध केले. मधुमेहाविषयी आपण एकमेकांना जे उठता-बसता सांगत असतो, त्यात ते कुठेच बसत नाहीत.

आपण सांगतो ते असे: खाणे वाढले, हालचाल कमी झाली, वजन वाढले, म्हणून साखर वाढली, तेव्हा वजन उतरवा. यात खोटे काही नाही. पण ही मांडणी मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवरून झाली आहे आणि तिच्यात वजनकाट्याला जो मान मिळाला आहे तो आपल्याकडच्या पुराव्यावर टिकत नाही. भारतीय माणसाच्या बाबतीत चरबी किती यापेक्षा ती कुठे साठते, आणि तिने घातलेला गोंधळ निस्तरायला स्वादुपिंडाची ऐपत किती, हे दोन प्रश्न मोठे आहेत. या दोन्हींची उत्तरे बऱ्याच अंशी जन्माआधीच ठरू लागतात असे आता दिसते. तसे असेल तर प्रौढ माणसाला काट्यावर उभे करून सुरू होणारी आपली मधुमेहाविरुद्धची मोहीम उशिराही सुरू होते आणि चुकीच्या जागी शोधही घेते.

हा वाद आकड्यांपुरता नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे 2023 मध्ये आलेले निष्कर्ष सांगतात की देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक उंबरठ्यावर आहेत. राज्यांमध्ये सर्वांत वरचा क्रमांक गोव्याचा, 26.4 टक्के, म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून अधिक. त्याच पाहणीत बीएमआयच्या हिशेबाने लठ्ठ ठरलेले 28.6 टक्के होते, तर पोटाच्या घेराच्या हिशेबाने लठ्ठ ठरलेले 39.5 टक्के. या दोन आकड्यांमधली तफावत म्हणजे कोट्यवधी माणसे. काटा त्यांना 'ठीक आहे' म्हणून परत पाठवतो. इंग्लंडमध्ये सुमारे पावणेपंधरा लाख लोकांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासून 2021 मध्ये एक अभ्यास झाला. गोऱ्या माणसाचा बीएमआय 30 झाल्यावर मधुमेहाचा जो धोका दिसतो, तेवढाच धोका दक्षिण आशियाई वंशाच्या माणसाला 23.9 वरच दिसला. 165 सेंटिमीटर उंचीचा माणूस घेतला तर गोरा माणूस 82 किलोला ज्या धोक्याला पोचतो, तिथे आपला माणूस 65 किलोलाच पोचलेला असतो. आणि 65 किलोच्या माणसाला जाडा म्हणण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

असे का व्हावे, हे कळायला चरबीविषयीचा एक जुना समज बाजूला ठेवावा लागतो. चरबी म्हणजे अंगावर चढलेले नुसते ओझे, हा तो समज. तो किती अपुरा आहे हे तीन गोष्टींवरून दिसते. पहिली शस्त्रक्रियेची. अमेरिकेत काही लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची त्वचेखालची चरबी नळीने ओढून काढण्यात आली, प्रत्येकीची साधारण नऊ-दहा किलो. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात काही आठवड्यांनी तपासले तर इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद होता तिथेच होता. दहा किलो वजन गेले आणि चयापचयाला त्याचा पत्ताही नाही! दुसरी गोष्ट लायपोडिस्ट्रॉफी या दुर्मिळ आजाराची. यात त्वचेखाली चरबी साठवणारे ऊतकच जवळजवळ नसते. माणूस पिळदार दिसतो आणि त्याला अतिशय हट्टी मधुमेह होतो, यकृत चरबीने भरते. तिसरी गोष्ट पायोग्लिटाझोन या आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या गोळीची. तिने साखर उतरते आणि वजन मात्र वाढते, कारण ती त्वचेखालच्या चरबीपेशींची साठवणक्षमता वाढवते आणि यकृतातली चरबी कमी करते. कणगी धड असेल तर धान्य कितीही आले तरी ते जागच्या जागी राहते; कणगीच लहान असेल तर थोड्याशा सुगीतही ते घरभर सांडते. त्वचेखालची चरबी ही शरीराची कणगी. ती भरली की उरलेली चरबी यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात आणि आतड्यांभोवती जाऊन बसते, आणि नुकसान करते ती ही सांडलेली चरबी. चरबीने भरलेले यकृत इन्सुलिनचा निरोप ऐकेनासे होते आणि गरज नसताना रक्तात साखर सोडत राहते. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर खरे तर स्नायूंनी उचलायची. ते मुळात कमी असले किंवा चरबीने माखलेले असले की ती साखर रक्तातच राहते. मग स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन करावे लागते, आणि एक दिवस तेही थकते.

आता आपल्या शरीराकडे येऊ. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी आपला दोघांचा एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. क्ष-किरणांनी मोजलेली शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिक यांचे धावणे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी आत शिरण्यापुरतेच, अशी मिस्कील नोंदही सोबत होती. पुढे हा फोटो जगभर वैद्यकीय व्याख्यानांतून दाखवला गेला. पण या थट्टेत एक प्रश्न दडलेला आहे आणि टीकाकारांनी तो विचारलाही असता: फरक जर व्यायामाचाच असेल तर यात 'भारतीय' असे काय आहे? त्याचे उत्तर प्रौढांकडे पाहून मिळणार नव्हते. ज्यांनी अजून एक पाऊलही टाकलेले नाही आणि आईच्या दुधाखेरीज काही चाखलेले नाही, अशांकडेच ते मागावे लागणार होते.

ते पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांत मिळाले. 1993 मध्ये तिथे गर्भधारणेआधीपासूनच स्त्रियांच्या नोंदी ठेवायला सुरुवात झाली. या होऊ घातलेल्या आयांची सरासरी उंची 152 सेंटिमीटर, वजन 42 किलोच्या आसपास. विहिरीवरून पाणी आणणे आणि शेतातली कामे दिवस भरत आले तरी सुटलेली नव्हती, आणि कष्ट जितके जास्त तितके बाळ लहान, असेही या अभ्यासात दिसले. बाळे सरासरी 2.7 किलोची झाली. इंग्लंडमधल्या साउदॅम्पटनची बाळे 3.5 किलोची. इथवर नवल नाही, कुपोषित आईचे बाळ लहानच असणार. नवल पुढे आहे. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच बाळाच्या शरीराचे एकेक माप घेतले गेले. खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमटीत धरून कॅलिपर नावाच्या चिमट्याने तिची जाडी मोजायची, म्हणजे तिच्याखाली चरबी किती ते कळते. साउदॅम्पटनच्या बाळांशी ताडून पाहिले तर पुण्याच्या बाळांचे पोट सर्वांत जास्त खुरटलेले होते, म्हणजे यकृतासारखे आतले अवयव लहान राहिलेले. दंडही बारीक, म्हणजे स्नायू कमी. पण पात्याखालची ती घडी जवळजवळ शाबूत होती. पाऊण किलोने कमी असलेल्या बाळाने सगळ्यात काटकसर केली, चरबीत मात्र नाही. त्याच्या नाळेतल्या रक्तात इन्सुलिनही त्याच्या वजनाच्या मानाने चढे होते. पुढे लंडनच्या प्रा. नीना मोदी आणि पुण्याच्या पथकाने मिळून नवजात बाळांचे एमआरआय काढले, तेव्हा भारतीय बाळांच्या पोटातही चरबी अधिक असल्याचे डोळ्यांना दिसले. व्यायामाच्या आळसाचा आरोप निदान या आरोपींवर तरी करता येत नाही.

या निरीक्षणाला आधार होता इंग्लंडमधल्या एका जुन्या कामाचा. हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बाळांची वजने वहीत उतरवली जात होती. संशोधक डेव्हिड बार्कर यांनी अनेक दशकांनी त्या वह्या शोधून ती बाळे म्हातारपणी कशी आहेत ते पाहिले. जन्मवजन जितके कमी तितका पुढे मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका जास्त, असे त्यांना आढळले. 1992 मध्ये त्यांनी आणि निकोलस हेल्स यांनी मांडले की पोटात उपासमार सोसलेला गर्भ मेंदू वाचवण्यासाठी बाकीच्या अवयवांवर, त्यात स्वादुपिंडावरही, पाणी सोडतो. पुण्याच्या कामाने या सिद्धान्तात महत्त्वाची भर घातली: नुसते जन्मवजन पाहू नका, त्या वजनात काय आहे ते पाहा.

मग गर्भाला कमी पडते ते नेमके काय? सहज सुचणारे उत्तर म्हणजे पोटभर अन्न, प्रथिने. पण पुण्याच्या अभ्यासात आईने किती उष्मांक किंवा किती प्रथिने घेतली याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध लागला नाही. संबंध लागला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. म्हणजे वाण होती ती सूक्ष्म पोषकद्रव्यांची. रक्त तपासले तेव्हा दोन तृतीयांश आयांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळते, आणि शाकाहारी ताटात त्याची मदार थोड्याशा दुधा-दह्यावर असते. कमतरता गरिबीची आहे असे मानायचे तर पुण्यातल्याच दुसऱ्या एका पाहणीचे निकाल पाहावेत: खेडे, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन ठिकाणच्या पुरुषांपैकी बी-12 ची कमतरता सर्वांत जास्त मध्यमवर्गात निघाली, 81 टक्के. सदाशिव पेठी ताटाला हा निकाल पचायला जड जाईल, पण तो आहे. त्याहून विचार करायला लावणारा निष्कर्ष 2008 चा. ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी बी-12 कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला जुमानत नसल्याची लक्षणे सर्वांत ठळक होती. फोलेट आणि बी-12 ही दोन्ही पेशीत एकाच कामावर, डीएनए घडवण्याच्या आणि जनुके चालू-बंद करणाऱ्या खुणा उमटवण्याच्या कामावर, जोडीने लागतात. एक मुबलक आणि दुसरे नाही, अशी जोडी गर्भाला मानवत नसावी.

इथे पहिला आणि वाजवी आक्षेप येतो: हे सगळे जनुकांचे खेळ कशावरून नाहीत? 1962 मध्ये जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी काटकसरी जनुकांची कल्पना मांडली तेव्हापासून हा प्रश्न आहे. भारतीयांचा बांधाच तसा असेल, दुष्काळ झेलत पिढ्यानपिढ्या निवडला गेलेला. सुरिनामचे उदाहरण तर वरवर पाहता या आक्षेपाच्याच बाजूने जाते. 1873 पासून मजूर म्हणून तिथे गेलेल्या भारतीयांच्या चौथ्या-पाचव्या पिढीतल्या नवजात बाळांमध्येही हीच ठेवण सापडली, लहान शरीर आणि राखलेली चरबी. देश बदलला, अन्न बदलले, बाळाचा बांधा नाही. जनुकांचा वाटा नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. पण एवढ्यावरून सगळा दोष जनुकांच्या माथी मारणे घाईचे ठरेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत उंदरांच्या 50 पिढ्या अर्धपोटी ठेवण्यात आल्या होत्या. त्यांच्यावर 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की हे उंदीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले होते, त्यांच्यात बी-12 कमी होते, आणि पुढच्या दोन पिढ्यांना भरपेट अन्न देऊनही दोष गेला नाही. उंदीर त्याच वाणाचे होते. जनुकांचा मजकूर तोच राहूनही त्यावरच्या रासायनिक खुणा पिढ्यांना पुरू शकतात, असा याचा अर्थ लावला गेला. शिवाय ठेंगणी आई लहान मुलगी जन्माला घालते आणि ती मुलगी पुढे ठेंगणी आई होते. एवढ्यानेही चार पिढ्या सहज जातात. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरेच. पण 'पिढ्यानपिढ्या चालत आले म्हणजे जनुकीयच' हा तर्क त्यांनी मोडला आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. शहरांत वजने वाढत आहेत आणि शहरांतच मधुमेह जास्त आहे. मग वजनाला गौण ठरवणे लोकांना चुकीच्या वाटेला लावणे नाही का? वजन गौण आहे असे कुणी म्हणत नाही. कणगी लहान असलेल्याला तर थोडे वाढलेले वजनही महागात पडते. म्हणूनच शेतावरचा मुलगा शहरात बैठ्या नोकरीला लागला आणि पाच-सात किलोंनी वाढला की त्याची साखर हलते. पण उपाय मोजायचा कशाने, यात फरक पडतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या 531 लोकांवर केलेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसता साधा सल्ला मिळालेल्यांपैकी 55 टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार आणि चालण्याचा नेटाने पाठपुरावा केलेल्या गटात 39 टक्क्यांना. आणि हा फायदा झाला तेव्हा त्या गटाचे वजन जवळजवळ उतरलेच नव्हते. रोज अर्धा तास चालूनही काटा हलत नाही म्हणून हिरमुसणाऱ्यांना हा निकाल कुणी सांगत नाही, सांगायला हवा. न्यूकॅसलच्या प्रा. रॉय टेलर यांचे काम दुसऱ्या बाजूने तिथेच पोचते. प्रत्येक माणसाची चरबी पेलण्याची मर्यादा वेगळी असते, ती ओलांडली की बीएमआय काहीही असो, मधुमेह होतो, असे त्यांचे म्हणणे. सरासरी बीएमआय 24.8 असलेल्या, म्हणजे तिकडच्या मापाने जाड नसलेल्या 20 मधुमेहींना त्यांनी थोडे वजन उतरवायला लावले; सरासरी साडेसहा टक्के उतरले आणि 14 जणांचा मधुमेह मागे हटला, यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी कमी झाल्यामुळे.

नव्या इंजेक्शनांविषयी इथे बोलणे भाग आहे, कारण सध्या चर्चा त्यांचीच आहे. आतड्यांतून सुटणाऱ्या जीएलपी-1 या संप्रेरकाची नक्कल करणारे सेमाग्लुटाइड भूक कमी करते आणि साखर वाढली की इन्सुलिन सोडवते. 2021 च्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन उतरले. हे औषध खरोखर गुणकारी आहे आणि त्याची टवाळी करणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण त्या चाचणीतल्या लोकांचा सरासरी बीएमआय 38 च्या आसपास होता. उतरलेल्या वजनात केवळ चरबी नव्हती, सुमारे 40 टक्के भाग स्नायूंसारख्या चरबीविरहित ऊतकांचा होता. आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात दोन तृतीयांश वजन परत आले. ज्याच्याकडे स्नायू मुळातच तुटपुंजे आहेत त्याने ते गमावले, मग वजन परत आले ते चरबीच्या रूपाने, तर काट्यावर हिशेब जुळेल आणि शरीरात बिघडेल. पेटंटची मुदत संपून अशी औषधे स्वस्त होत जातील तसतसा हा प्रश्न लग्नाआधी चार किलो उतरवू पाहणाऱ्यांपर्यंत पोचणार आहे. डॉक्टरांनी आधी कंबरेचा घेर पाहावा, पुरुषाला 90 आणि बाईला 80 सेंटिमीटर ही आपली मर्यादा, आणि औषधाबरोबर प्रथिने व ताकदीचा व्यायाम लिहून द्यावा, एवढे तरी व्हायलाच हवे.

मात्र टेपही सर्वज्ञ नाही. सरकारी कार्यक्रमात आशा कार्यकर्ती तिशी ओलांडलेल्यांचे फॉर्म भरते तेव्हा वजन नाही, कंबरेचा घेर मोजते. हे शहाणपणाचे आहे. पण त्या खेड्यांतली अठरा वर्षांची मुले तिच्या यादीत येत नाहीत, आणि आली असती तरी त्यांच्यातल्या अनेकांची कंबर तिला बारीकच दिसली असती. त्यांच्या बाबतीत आधीच इशारा दिला होता तो दोन गोष्टींनी: गर्भातली खुंटलेली वाढ, आणि सहाव्या व बाराव्या वर्षीची उपाशीपोटीची साखर, जी सामान्य मर्यादेत असूनही इतरांपेक्षा वरच्या अंगाला होती. वाढत्या गरजेला पुरेल इतके इन्सुलिन त्यांचे स्वादुपिंड तेव्हापासूनच करत नव्हते. तरुणपणी मधुमेह झालेल्या पुण्यातल्या रुग्णांची 2022 मध्ये गटवारी झाली तेव्हा निम्म्याहून अधिक जण इन्सुलिनच्या तीव्र तुटीच्या गटात पडले. स्वीडनमधल्या तशाच तरुण रुग्णांत मोठा गट लठ्ठपणाशी जोडलेल्या सौम्य प्रकाराचा होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी कुपोषणातून येणाऱ्या, हडकुळ्या माणसांच्या मधुमेहाचा असाच वेगळा चेहरा दाखवला, आणि आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 2025 मध्ये त्याला 'टाइप 5' म्हणून मान्यता दिली. अशा रुग्णाला 'वजन कमी करा' हा सल्ला निव्वळ निरुपयोगी नाही, घातक आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. सगळे गर्भातच ठरते म्हटले की माणूस हातपाय गाळतो, आणि आईवर आणखी एक ठपका येतो. आधीच सुनेने काय खाल्ले, काय नाही यावर घरात पाच जणांची मते असतात. पहिल्या भागाचे उत्तर चेन्नईच्या चाचणीत आहे: धोका जन्माने येतो, पण चाळिशीतही तो खाली आणता येतो. दुसऱ्या भागाला उत्तर आकडेवारीचे नाही. 42 किलो वजनाच्या, शेतात राबणाऱ्या बाईच्या ताटात पालेभाजी आणि दूध नव्हते, हा तिचा निर्णय नव्हता. जबाबदारी तिच्यावर ढकलण्याचा नव्हे, ताटात ते कसे जाईल हे पाहण्याचा मुद्दा आहे. मुंबईत झोपडपट्टीतल्या स्त्रियांना गर्भधारणेआधीपासून रोज पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ देण्याचा मोठा प्रयोग झाला. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा खाऊ. बाळाच्या वजनात अपेक्षेइतकी वाढ झाली नाही. पण गरोदरपणातला मधुमेह दुसऱ्या गटात 12.4 टक्के स्त्रियांना झाला आणि पहिल्या गटात 7.3 टक्के स्त्रियांना. प्रयोगाचा मुख्य उद्देश हा नव्हता, त्यामुळे हा निकाल जपूनच वाचावा. तरी मूठभर खाऊने एवढे साधत असेल तर जपून वाचण्याचा अर्थ दुर्लक्ष करणे असा होत नाही.

पुण्याच्या पथकाने 2012 मध्ये पुढचे पाऊल टाकले: त्याच खेड्यांत जन्मून किशोरवयात आलेल्या मुलामुलींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-12 द्यायचे आणि त्यांना मुले झाली की त्या मुलांकडे पाहायचे. आईच्या बी-12 मुळे या मुलांचा दुसऱ्या वर्षीचा मेंदूविकास सुधारल्याचे दिसले आहे. मधुमेहाचा निकाल यायला ती मुले मोठी व्हावी लागतील, आणि त्याआधी कुणी पैज मारू नये. पण आपला सरकारी कार्यक्रम तोवर थांबलेला नाही. किशोरवयीन मुलींना दर आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत आणि गरोदर स्त्रियांना रोज मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. बी-12 नसते. फोलिक ॲसिड काढून टाका असे कुठलाही शहाणा माणूस म्हणणार नाही. पंडुरोगासाठी आणि बाळाच्या मज्जारज्जूसाठी ते हवेच. प्रश्न त्याच्या जोडीदाराचा आहे. बी-12 जोडल्याने पुढच्या पिढीचा मधुमेह टळतो असा पक्का पुरावा नाही, म्हणून थांबावे, असे धोरणकर्ते म्हणू शकतात. पण त्याची कमतरता स्वतःच रक्ताला आणि मज्जातंतूंना बाधते, तेवढ्यासाठी ती भरून काढायला मधुमेहाचा दाखला लागत नाही, आणि लागणारी मात्रा दोन मायक्रोग्रॅमची आहे. गोळी तीच, वाटप तेच, शाळा आणि आशा कार्यकर्ती त्याच. बदलायचा आहे तो निविदेतला एक रकाना.